पगार थकला, ओटी बुडाला : हक्काचे पैसे वसूल करायची पूर्ण पद्धत

सात तारीख उलटून पंधरा आली तरी खात्यात पगार नाही, किंवा महिनाभर बारा-बारा तास उभं राहून काम केलं आणि स्लिपवर ओटीचा (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांच्या कामाचा) रकानाच नाही, किंवा नोकरी सोडून तीन महिने झाले तरी एचआर म्हणतंय "फुल अँड फायनल प्रोसेसमध्ये आहे". एमआयडीसीतल्या हेल्परपासून हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच आहे, आणि बहुतेक जण दोनच गोष्टी करतात, एक तर गप्प बसतात नाहीतर गेटवर भांडण करून निघून जातात. दोन्हीत पैसे बुडतात. पैसे मिळतात ते आकडा कागदावर मांडणाऱ्याला. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, शांतपणे वाचा आणि ज्याला गरज आहे त्याला पुढे पाठवा.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पगाराच्या बाबतीत आपल्या कामाची आहे ती वेतन संहिता, २०१९. जुना वेतन प्रदान कायदा १९३६, किमान वेतन कायदा १९४८, बोनस कायदा १९६५ आणि समान वेतन कायदा १९७६ हे चारही त्यात विलीन झाले. यातला सगळ्यात मोठा बदल माझ्या मते हा आहे की वेळेवर पगार मिळण्याचा हक्क आता सगळ्या कर्मचाऱ्यांना आहे. आधी महिना २४,००० च्या वर पगार असला की वेतन प्रदान कायदा लागूच व्हायचा नाही, त्यामुळे ऑफिसात बसणाऱ्यांना वाटायचं की लेबर ऑफिस आपल्यासाठी नाही. आता सुपरवायझर, मॅनेजर, अकाउंटंट सगळे त्यात येतात.

पगार महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला पाहिजे. आठवड्याचा असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, रोजंदारी असेल तर त्याच दिवशी शिफ्ट संपताना. आणि नोकरी सोडली, काढलं किंवा कंपनी बंद पडली तर हिशोबाचा पगार कामाच्या २ दिवसांत. हो, दोन दिवसांत, ते "४५ दिवस लागतात, आमची पॉलिसी आहे" हे कंपनीने स्वतः ठरवलंय, कायद्यात तसं काही नाही. आणि कायद्याने दिलेला हक्क सोडून देतो असा करार तुमच्याकडून सही करून घेतला असला तरी तो करार त्या मुद्द्यापुरता रद्दबातल असतो, त्यामुळे "मी तर सही करून बसलोय, आता काय होणार" असं म्हणून हात टेकू नका.

ओटी म्हणजे दुप्पट. दीडपट नाही, सिंगल नाही, "चहा-नाश्ता दिला ना" तर अजिबात नाही. नेहमीच्या कामाच्या तासांच्या वर जे काम झालं त्याचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट. इथे महाराष्ट्रातली एक गोष्ट माहीत पाहिजे, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे तास ९ वरून १२ आणि दुकानं-ऑफिसात ९ वरून १० पर्यंत वाढवायला मंजुरी दिली, आणि तेव्हापासून बरेच ठेकेदार पोरांना सांगतायत की आता बारा तास कायदेशीर झाले, ओटी बंद. हे साफ चुकीचं आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे, जादा कामाला कामगाराची संमती लागते आणि दुप्पट दरही तसाच आहे. सहा दिवस बारा-बारा तास भरले तर जेवणाची सुट्टी वजा करूनही तुम्ही ४८ च्या खूप पुढे जाता.

"तू मॅनेजर आहेस, तुला ओटी नाही" हे पण खूप चालतं. ओटीच्या बाबतीत खऱ्या व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला तो हक्क सहसा लागत नाही, पण कोर्टांनी वर्षानुवर्षं एकच बघितलंय, पदाचं नाव काय आहे ते नाही तर दिवसभर माणूस करतो काय. कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" छापलंय आणि दिवसभर काउंटरवर बिलिंग करतोय, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, कुणाला कामावर घ्यायचा नाही, तर तो कामगारच.

पहिलं काम : वही

आजपासून, हा लेख वाचून झाल्यावर लगेच, एक वही घ्या. मोबाइलमध्ये पण चालेल पण वही बरी, कारण मोबाइल हरवतो, बिघडतो, आणि रोजच्या रोज वेगवेगळ्या पेनाने, घाईत लिहिलेली वही खरी वाटते, कारण ती खरीच असते. नोंद अशी ठेवायची :

"सोमवार. आत सकाळी ८.००. जेवण १.०० ते १.३०. बाहेर रात्री ८.००. डिस्पॅचची गाडी उशिरा आली म्हणून सुपरवायझरने थांबवलं. सोबत लाइन दोनवरचे दोघे."

एवढंच, यात बारा तासांतून अर्धा तास जेवण गेलं, राहिले साडेअकरा, त्यातले आठ नेहमीचे, ओटी साडेतीन तास. कुणी थांबवलं आणि सोबत कोण होतं हे लिहिलं की पुढे चौकशीत साक्षीदार आपोआप मिळतो.

वहीच्या जोडीला जे जे मिळेल ते गोळा करा. बँकेचं स्टेटमेंट हा सगळ्यात भक्कम पुरावा, कारण कुठल्या तारखेला किती आले ते त्यात छापलेलं असतं. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, आयडी कार्ड, गेटपास, पंचिंग मशीनच्या स्क्रीनचा फोटो, शिफ्टचं वेळापत्रक ग्रुपवर आलं असेल तर ते, "आज सगळ्यांनी थांबायचंय" असा सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, व्हॉइस नोट. चॅटचा स्क्रीनशॉट तर घ्याच पण मूळ चॅट डिलीट करू नका आणि फोन विकू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जवळ असला की ते सोपं जातं. कंपनीचा गोपनीय डेटा, क्लायंटच्या फाइली वगैरे मात्र उचलू नका, त्यावरून उलट तुमच्यावरच केस टाकतात.

पगार रोखीत मिळतो, कागद एकही नाही, असं असेल तर? तरी घाबरू नका. पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा झाला की पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकली आहे. मस्टर ठेवणं, पगाराचं रजिस्टर ठेवणं, स्लिप देणं हे त्याचं काम आहे, आणि त्याने ते केलं नाही तर त्याचा तोटा तुम्ही का सोसायचा. फक्त तुम्ही तिथे काम करत होता एवढं तरी दाखवावं लागतं, त्यासाठी युनिफॉर्ममधला फोटो, गेटवरची नोंद, सोबतच्यांची साक्ष कामाला येते.

दुसरं काम : आकडा काढा

"माझे खूप पैसे राहिलेत" असं लेबर ऑफिसात सांगून काही होत नाही. अमुक महिने, अमुक तास, अमुक रुपये असं पाहिजे. एक उदाहरण घेऊ. समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,६०० आहे. २६ ने भागा, रोज ६०० आले. ८ ने भागा, तासाला ७५. ओटीचा दर दुप्पट म्हणजे १५० रुपये तास. महिन्याला ५२ तास ओटी झाला तर ७,८०० यायला पाहिजेत. कंपनीने सिंगल रेटने ३,९०० दिले तर महिन्याला ३,९०० राहिले, दहा महिन्यांचे ३९,०००. आता हा आकडा बघून बोला. रोजचे दोन तास म्हणून जे सोडून देतो ते वर्षाला किती होतात हे बहुतेकांनी कधी मांडूनच बघितलेलं नसतं.

महिन्याला ३० ने भागून दर कमी दाखवायची सवय खूप ठिकाणी आहे. किमान वेतनात साप्ताहिक सुट्टीचा पगार धरलेला असतो म्हणून रोजचा दर काढताना २६ ने भागतात, हे लक्षात ठेवा.

मग किमान वेतन तपासा. महाराष्ट्रात प्रत्येक उद्योगाचं वेगळं किमान वेतन असतं, परिमंडळ १, २, ३ असे भाग आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग. मूळ दर वेगळा आणि त्यावर विशेष भत्ता वेगळा, तो भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो. राज्याच्या कामगार आयुक्तालयाच्या वेबसाइटवर तक्ता मिळतो. बरेच मालक मूळ दर देतात आणि विशेष भत्ता गिळतात, आणि कामगाराला वाटतं किमान वेतन मिळतंय. दोन्हीची बेरीज करा आणि मग तुमच्या स्लिपशी ताडून बघा. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारी, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय. कुणी "परवडत नसेल तर सोड" म्हणालं तर हे आठवा.

कपाती बघा. उशीर झाला म्हणून ५०० दंड, माल खराब झाला म्हणून हजार, युनिफॉर्मचे दीड हजार, रुजू होताना डिपॉझिट म्हणून पहिल्या महिन्याचा पगार दाबून ठेवलेला. कायद्यात कपातीची यादी ठरलेली आहे, त्या बाहेरची कपात बेकायदा, आणि डिपॉझिट म्हणून पगार दाबून ठेवणं त्या यादीत नाही. दंड लावायचा तर कशाकशाला दंड आहे ते आधी लावलेलं पाहिजे, तुमचं म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. नुकसानीची कपात करायची तरी आधी तुम्हाला बोलू दिलं पाहिजे. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर नको.

पीएफ आणि ईएसआय स्लिपवर कापलेला दिसतो पण भरलाय का? यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक बघा, उमंग अ‍ॅपवर दोन मिनिटांत दिसतं. कापला आणि भरला नाही तर तो गुन्हा आहे, त्याची तक्रार वेगळी, पीएफची थेट ईपीएफओच्या म्हणजे पीएफ संघटनेच्या तक्रार पोर्टलवर आणि ईएसआयची ईएसआयसीकडे करायची, लेबर ऑफिसच्या अर्जात मिसळू नका.

तिसरं काम : लेखी मागणी

आधी मालकाला लेखी द्या. पुढे कुणी विचारलं की तुम्ही मागितलेच कधी, तर हा कागद दाखवता येतो. इमेल करा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवा. मजकूर लांबलचक नको, शिव्याशाप नको, धमकी तर नकोच. असा चालेल :

"मी आपल्या आस्थापनेत अमुक तारखेपासून मशीन ऑपरेटर म्हणून काम करतो. एप्रिल ते जानेवारी या काळात मी नेहमीच्या वेळेव्यतिरिक्त एकूण ५२० तास काम केले. त्याचा मोबदला दुप्पट दराने रु. ७८,००० होतो, पैकी रु. ३९,००० मिळाले. उर्वरित रु. ३९,००० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावेत, अन्यथा मला सक्षम अधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागेल. सोबत तासांचा महिनावार तक्ता जोडला आहे."

खाली सही, तारीख, आणि झेरॉक्स स्वतःकडे. एकट्याने द्यायला भीती वाटत असेल तर दहा जणांनी मिळून द्या, एकट्याला काढून टाकणं सोपं असतं, अख्ख्या लाइनला काढणं अवघड. नोंदणीकृत युनियन असेल आणि तुम्ही सभासद असाल तर युनियन तुमच्या वतीने दावा करू शकते, त्यात नाव पुढे यायचा त्रास कमी.

एक मात्र करू नका, रागाच्या भरात सगळ्यांनी मिळून दुसऱ्या दिवशी दांडी मारायची. नव्या औद्योगिक संबंध संहितेत संपाच्या आधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकदम रजा टाकली तरी तो संपच धरतात. वर दहा किंवा जास्त जण ठरवून विनानोटीस गैरहजर राहिले तर ८ दिवसांपर्यंतचा पगार कापायची सोय कायद्यातच आहे. हक्काची बाजू तुमची असताना मालकाच्या हातात असं कोलीत देऊ नका.

चौथं काम : लेबर ऑफिस

उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर तक्रार. आधी बघा की तुमची कंपनी राज्याच्या अखत्यारीत की केंद्राच्या. बँक, विमा, रेल्वे, बंदर, खाणी, टेलिकॉम यांच्यासाठी केंद्राचे कामगार आयुक्त, तिथल्या ठेकेदाराच्या माणसांसाठीही तेच. बाकी कारखाने, दुकानं, हॉटेलं, हॉस्पिटलं, खाजगी ऑफिसं यांच्यासाठी राज्याचं कामगार आयुक्तालय, मुंबईत त्याचं मुख्य ऑफिस बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधलं कामगार भवन, आणि जिल्ह्यात सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी. गोव्यातल्यांनी पणजीला पाट्टोवरच्या श्रमशक्ती भवनात जायचं.

दोन अर्ज वेगळे असतात हे समजून घ्या, इथे खूप जण फसतात. एक तक्रार अर्ज, म्हणजे या कंपनीत कायदा मोडला जातोय, निरीक्षक पाठवा. निरीक्षक येतो, रजिस्टर बघतो, मालकाला समज देतो, कधी तेवढ्यावरच पैसे निघतात. पण या अर्जाने तुमच्या नावावर रक्कम मंजूर होत नाही. त्यासाठी दुसरा, वेतन संहितेच्या कलम ४५ खालचा दावा. तो सरकारने नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्यापुढे चालतो, तो तुमची बाकी रक्कम देववतोच, शिवाय त्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. किती द्यायची ते त्याने ठरवायचं, दहापट मिळेलच असं धरून चालू नका, पण मागायची मात्र नक्की. दावा हक्क निर्माण झाल्यापासून ३ वर्षांत करता येतो. पूर्वी किमान वेतनाला सहाच महिने आणि थकीत पगाराला एक वर्ष होतं, ती अडचण गेली. तरी तीन वर्षं आहेत म्हणून वाट बघत बसू नका, तोवर ठेकेदार गाशा गुंडाळतो.

अर्ज दोन प्रतीत न्या, एका प्रतीवर आवक शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी. पंधरा-वीस दिवसांनी त्या आवक क्रमांकावरून विचारा, काहीच झालं नसेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका की माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कुठल्या तारखेला कुणी काय कारवाई केली. हा साधा कागद अडकलेली फाइल हलवतो.

तारखा पडल्या की प्रत्येक तारखेला जा. तुम्ही गैरहजर राहिलात की दावा निकाली निघतो, मालकाचा वकील नेमकी त्याचीच वाट बघत असतो. तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबतं, तयारी तशी ठेवा. वकील लावायलाच पाहिजे असं नाही. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन लावा किंवा जिल्हा कोर्टातल्या ऑफिसात जा.

मध्ये तडजोडीची ऑफर येते. ३९,००० चा दावा असेल आणि ३५,००० आजच्या आज खात्यात येत असतील तर घ्यायचे की नाही हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे, त्यात कमीपणा नाही. पण चेक वटल्याशिवाय किंवा पैसे खात्यात दिसल्याशिवाय "माझी काही बाकी नाही" अशा कागदावर सही करू नका. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर, आणि तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर तर कधीच नाही. सहीसाठी फारच दबाव आला तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात "रक्कम मान्य नाही, हरकत राखून स्वीकारली" एवढं लिहा आणि फोटो काढा.

ठेकेदाराची माणसं

हा सगळ्यात दुखरा भाग. सफाई, सिक्युरिटी, लोडिंग, हाउसकीपिंग, काम एकाच्या दारात आणि पगार दुसऱ्याच्या हातात, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. कायदा इथे स्पष्ट आहे, ठेकेदाराने पगार दिला नाही तर ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम चालतं त्या मूळ मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा. म्हणून मागणीचं पत्र आणि दावा दोन्हींत दोघांची नावं टाका, एकट्या ठेकेदारावर दावा केला आणि तो गायब झाला तर हातात काही उरत नाही.

महापालिका, नगरपालिका, सरकारी हॉस्पिटल असं सरकारी काम असेल तर माहिती अधिकारात ठेक्याच्या कराराची प्रत आणि ठेकेदाराने बिलासोबत जोडलेली पगारपत्रकं, पीएफची चलनं मागा. त्या पगारपत्रकात तुमच्या नावासमोर पूर्ण किमान वेतन लिहिलेलं आणि शेजारी तुमच्यासारखीच सही दिसली तर दचकू नका, तोच कागद तुमच्या बँक स्टेटमेंटशेजारी ठेवला की केस अर्धी झाली.

माथाडी कामगारांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आणि माथाडी मंडळं आहेत, त्यांची मजुरी मंडळामार्फतच यायला हवी, तिथली तक्रार मंडळाकडे. अ‍ॅपवर डिलिव्हरी करणाऱ्यांना मात्र गिग कामगार म्हणून सामाजिक सुरक्षेच्या संहितेत नाव मिळालंय, पगार आणि ओटीचे वरचे हक्क त्यांना तसे लागत नाहीत, ही मोठी उणीव आहे आणि ती भरून निघायलाच पाहिजे.

निकाल लागला, पैसे देत नाहीत

आदेश झाला तरी मालक गप्प बसला तर त्याच अधिकाऱ्याकडे वसुली प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे तहसीलकडून जप्तीची कारवाई होऊ शकते. इथे पण पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो, तहसीलला जाऊन आपल्या प्रमाणपत्राची नोंद झाली का ते बघा आणि मालकाच्या मालमत्तेची, गाळ्याची, बँक खात्याची जी माहिती असेल ती लिहून द्या, तुमच्या जुन्या पगाराच्या चेकवर त्याच्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक असतोच. आदेश विरोधात गेला तर ९० दिवसांत अपील करता येतं. याशिवाय देय रकमेपेक्षा कमी पैसे दिल्याबद्दल मालकाला ५०,००० पर्यंत दंड आहे, आणि पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि दावा केला म्हणून कामावरून काढलं तर ते वेगळं प्रकरण होतं, पगाराच्या दाव्यात ते मिसळू नका. गेटवर अडवलं त्याच दिवशी "मी कामावर हजर व्हायला आलो होतो, मला आत घेतलं नाही" असा इमेल करा, व्हॉट्सअ‍ॅपही करा, आणि त्याच आठवड्यात लेबर ऑफिसात समेट अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज द्या, कारण पुढे कंपनी ठरलेलं उत्तर देते की हा स्वतःहून काम सोडून गेला, आणि त्या दिवशीचा तो इमेल नसेल तर ते खोडून काढायला खूप जड जातं.